मनकर्णा लॉजचा डक्ट

त्या दिवसापासून मी फोनवर कुठल्याही वस्तूचं पूर्ण नाव घेते. नुसतं साबण म्हणत नाही, अंगाचा साबण म्हणते, नाहीतर कपड्यांचा साबण म्हणते. दुकानदार हसतात. हसू देत.

आमचं लॉज शेलूबाजारच्या अलीकडे, जुन्या रस्त्याला लागून आहे. माझ्या सासऱ्यांनी, इंद्रभान मामंजींनी, ते वीस वर्षांपूर्वी बांधलं आणि सासूबाईंचं नाव दिलं: हॉटेल मनकर्णा, लॉजिंग-बोर्डिंग. खाली अकरा खोल्या, वर अकरा, पुढं जेवणाचा हॉल. नवा मोठा महामार्ग सुरू झाला आणि ट्रक, जीपा, बाहेरगावच्या गाड्या सगळ्या तिकडून जाऊ लागल्या. मामंजी काउंटरवर बसून माश्या मारू लागले, अगदी खऱ्याखुऱ्या. वर्षभर हे बघून माझं डोकं फिरलं. मी जऊळक्याची. अमरावतीला राहून इंटिरियरचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर त्या डिप्लोम्याचा उपयोग फक्त घरातले पडदे निवडायला झाला होता. मी मामंजींना म्हटलं, लॉज चालत नसेल तर त्याला दुसऱ्या कामाला लावू.

आणि लावलं. खालच्या खोल्या शेतकऱ्यांना माल ठेवायला दिल्या. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची चावी. कुणाचा हरभरा १०४ मध्ये, कुणाची तूर १०७ मध्ये. वरच्या खोल्यांत मुलींचं वसतिगृह केलं. पोलीस भरती, नर्सिंग, तलाठी, कसल्या कसल्या परीक्षा देणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुली. जेवणाच्या हॉलची अभ्यासिका झाली. काउंटरमागे खोल्यांच्या चाव्या टांगायची खणाखणाची लाकडी फळी होती. ती फेकायची माझी हिंमत झाली नाही. त्या खणांत मुलींनी दुपारी मोबाइल ठेवून झोपायला जायचं, असा नियम मीच केला. एका पेपरात माझा फोटो आला. तेव्हापासून तालुक्यात कुणाचं मंगल कार्यालय ओस पडलं की लोक म्हणू लागले, लॉजवाल्या वैनींना विचारा. मी चांगलीच फुगले होते, खोटं कशाला बोलू.

आता डक्टचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यातून झालं. लॉज बांधताना दोन-दोन खोल्यांची बाथरूमं पाठीला पाठ लावून काढतात. मध्ये दोन-अडीच फुटांची उभी पोकळी ठेवतात. पाइप तिथून जातात आणि प्रत्येक बाथरूमचा झरोका त्या पोकळीत उघडतो. तिला डक्ट म्हणतात. खालच्या खोल्यांच्या खिडक्या मी उंदीर आणि चोर नकोत म्हणून विटांनी बुजवल्या. बाथरूमं मात्र तशीच राहिली, कारण मामंजी म्हणाले, "राहू दे व, उद्या गिऱ्हाईक पलटलं त?" वरून डक्टमध्ये पारवे शिरत, घाण करत, मुलींच्या झरोक्यांतून पिसं आत येत. मागच्या महिन्यात मी गच्चीवर मिस्त्री चढवला आणि डक्टच्या तोंडावर सिमेंटचा पत्रा टाकून कडा लिंपून घेतल्या. पारवे बंद झाले. मला फार बरं वाटलं.

रामनवमीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पोहरादेवीला गोविंदसिंग नावाच्या गृहस्थांचं तीन मजली लॉज आहे. जत्रेच्या आठ दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि उरलेलं वर्ष तिथं वारा फिरतो. त्याचं काय करता येईल ते बघायला त्यांनी मला बोलावलं होतं. भरल्या दिवसांत बघा म्हणजे कळेल, म्हणाले. सकाळी नऊला मी जीपमध्ये बसले आणि वसतिगृहातल्या निकिताचं बोलणं आठवलं. खालच्या खोल्यांकडून गटाराचा वास येतो, असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. बाथरूम वापरात नसलं की नहाणीच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि वास वर येतो. त्यावरचा लॉजमधला उपाय सोपा आहे. मी चंपतभाऊंना फोन लावला.

चंपतभाऊ म्हणजे निकिताचे वडील. लॉज उघडलं त्या दिवसापासून ते आमच्याकडे आहेत. आधी खोल्यांत चहा-पाणी पोचवत, चादरी बदलत, आता सगळ्या इमारतीची राखण करतात. घरची दोन एकर शेती आहे. त्यांचा हरभरा आमच्या १०६ मध्ये होता आणि लेक बरोब्बर वर, २०६ मध्ये.

"चंपतभाऊ, खालतं वास येऊन राह्यला म्हनते निकिता. आज खोल्यायमधी गोळ्या टाकून घ्या."

"समद्या खोल्यायमधी?"

"समद्या. चार-चार टाका."

"वरतं पोट्ट्या हायेत, वैनी. चालते का?"

"चालते ना! त्यायले काय होते? अन् दारं गच्च लावून घेजा, नाई त उडून जातात."

"ते मालूम हाय मले," ते म्हणाले, आणि जीप सुटली.

लॉजच्या भाषेत गोळ्या म्हणजे डांबरगोळ्या. बेसिनात, नहाणीत टाकायच्या, पांढऱ्या, उग्र वासाच्या. वीस वर्षं चंपतभाऊ स्वतःच्या हातानं त्या टाकत आलेले. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

पोहरादेवीला पोचायला साडेबारा झाले. रस्ता माणसांनी भरून वाहत होता. गोविंदसिंगांनी मला खोलीखोलीतून फिरवलं. मी टेप लावत होते, वहीत लिहीत होते, एका खोलीत दहा-दहा माणसं कशी झोपतात ते बघून नाक मुरडत होते. तळमजल्याच्या टोकाला एक खोली बंद होती. दाराच्या सगळ्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या. दारावर खडूनं लिहिलं होतं: गोळ्या टाकल्या. उघडू नये.

"हे काय?" मी विचारलं.

"घरचा गहू हाय, ताई. पाखरू लागलं होतं, म्हनून गोळ्या टाकल्या काल." त्यांनी वर बोट दाखवलं. "याच्या वरच्या दोन खोल्याबी रिकाम्या ठेवल्या. जत्रा असो नाई त काही असो. त्या गोळ्यायचा वायू निंगते ना. दिसत नाई काही. झोपला मानूस उठत नाई."

मी ती खडूची अक्षरं पुन्हा वाचली. गोळ्या टाकल्या. मग मला सकाळचा फोन ऐकू आला, माझ्याच आवाजात, शब्दन्‌शब्द. शेतकऱ्याला धान्य भरलेल्या खोल्यांबद्दल कुणी म्हटलं की गोळ्या टाका, चार-चार टाका, दारं गच्च लावा, तर तो काय टाकेल? बेसिनातल्या? हरभऱ्याला भुंगा लागलाय म्हणून आठ दिवसांपासून दोघं-तिघं शेतकरी चंपतभाऊंच्या मागं लागले होते, हे मला माहीत होतं. त्यांनी मला विचारलंही होतं. वरतं पोट्ट्या हायेत, चालते का. आणि मी चालते म्हणून मोकळी झाले होते.

घड्याळात एक चाळीस झाले होते. सणामुळं बऱ्याच मुली घरी गेल्या होत्या, पण भरती जवळ आली म्हणून सातजणी थांबल्या होत्या. एक वाजता डबा खातात, दीडला खोल्यांत जाऊन झोपतात, चारला उठतात. हे वेळापत्रकही माझंच.

चंपतभाऊंचा फोन लागेना. जत्रेत लाखभर मोबाइल एका टॉवरला लोंबकळलेले. पाचव्यांदा लागला.

"चंपतभाऊ, कायच्या गोळ्या टाकल्या तुमी?"

"त्याच, वैनी... बाजारातून आनल्या... दहा वाजताच टाकल्या... फटीयले कागदं..."

"पोरींना बाहेर काढा! आत्ताच्या आत्ता! ऐकू येते का?"

"...वावरात हाव... काय म्हनता?..."

आणि फोन तुटला. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळेना. पुन्हा लावला तर नुसती घरघर.

"डक्ट," मी मोठ्यानं म्हटलं. गोविंदसिंग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय समजणार? खालच्या खिडक्या मी बुजवल्या. दारांच्या फटी चंपतभाऊंनी बुजवल्या. डक्टचं वरचं तोंड मी बुजवलं. आता त्या विषाला त्या इमारतीत जायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे वरच्या मुलींच्या बाथरूमचे झरोके.

गोविंदसिंगांना मी दोन वाक्यांत सांगितलं. भला माणूस. एक प्रश्न न विचारता त्यांनी मोटारसायकल काढली. "जीप या गर्दीतून नाई निंगनार. बसा मांगं." गर्दी टाळायला त्यांनी गाडी शेताच्या बांधानं घातली. मी एका हातानं त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं फोन लावत राहिले.

रुग्णवाहिकेला लावला. लगेच निघते, पण पोचायला सव्वा तास लागेल, म्हणाले. हरीओमना लावला, माझ्या नवऱ्याला. ते अकोल्याला होते, मी निघालो म्हणाले, पण अकोला काय शेजारच्या गल्लीत आहे? मामंजी दुपारी घरी असतात आणि मोबाइल वापरत नाहीत. वसतिगृहाच्या बाई प्रयागबाई, त्यांना मीच सकाळी जत्रेला जायची सुट्टी दिली होती. आणि निकिता. निकिताचा फोन वाजला. पूर्ण वाजला. मग दुसऱ्या मुलीचा लावला, तोही वाजला, मग तिसरीचा. मला दिसत होतं, काउंटरमागच्या त्या फळीत एकामागून एक खण थरथरतोय, उजेड लागतोय, विझतोय, आणि समोर कुणी नाही. मी भीतीनं मागं बसल्या बसल्या रडायला लागले. मोठ्यानं, लाज सोडून.

मग भिवाजी आठवला. लॉजच्या समोर, रस्त्यापलीकडे त्याचं पंक्चरचं दुकान आहे. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता, कारण आमचं भांडण होतं. त्यानं पत्र्याचा मोठा बोर्ड लावला होता आणि त्यामागं माझी वसतिगृहाची पाटी झाकली जायची. बोर्ड हलव म्हणून मी सहा महिने त्याच्या मागं लागले होते. पण तो बोर्ड रोज डोळ्यांसमोर असल्यामुळं नंबर मला पाठ होता. शेवटचा आकडा सोडून. त्या आकड्यावर लिंबाची फांदी आलेली होती.

मी शून्य लावून बघितला. चुकीचा नंबर. एक लावला, कुणीतरी बाई यवतमाळहून बोलत होती. दोन बंद. तीन उचलला आणि पलीकडून शिवी आली. चार. पाच. घाईत एकदा मधलाच आकडा चुकला. सहाला पलीकडून हातोड्याचा आवाज ऐकू आला.

"भिवाजीभाऊ का? मी समोरच्या लॉजवाली, वैजयंती."

"बोर्ड हालत नसते, वैनी," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी किंचाळले. गोविंदसिंगांनी गाडी जवळजवळ शेतात घातली. पुन्हा लावला. वाजत राहिला, तो उचलेना. तिसऱ्यांदा उचलला.

"वैनी, एकदा सांगतलं ना..."

"भिवाजीभाऊ, माह्या पोट्ट्या मरून राह्यल्या! खालतं हरभऱ्यात गोळ्या टाकल्या, वायू वरतं गेला. झोपल्या हायेत साती जनी. काढा त्यायले!"

तो शेतकऱ्याचा मुलगा, त्याला गोळ्या समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. "कुलूप हाय का जिन्याले?"

"आतून हाय. जिन्याच्या जाळीले. चावी निकिताजवळ हाय."

ती लोखंडी जाळी मी मुलींच्या आईबापांसाठी बसवली होती. पोरी सुरक्षित राहाव्यात म्हणून. माझ्या त्या सगळ्या शहाणपणाला आग लागो, असं मला त्या मोटारसायकलवर वाटलं.

"टायर काढाची टामी हाय माह्यापाशी," भिवाजी म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून पळाला. मला त्याच्या चपलांचा आवाज आला, एक हॉर्न, मग लोखंडावर लोखंड. मग सगळं बंद झालं.

मानोऱ्यापर्यंत फोनला रेंज नव्हती. मानोऱ्याच्या पुढं रेंज आली, पण तो उचलेना. तो उचलत नाही म्हणजे तोही आत पडला का? आता आठ माणसं झाली का? मी मनात एकेका मुलीच्या आईचा चेहरा आणून बघत होते. त्यांनी पोरी माझ्या स्वाधीन करताना काय काय म्हटलं होतं ते आठवत होते. एकीच्या आईनं घरच्या वांग्यांची पिशवी आणून दिली होती. मी दोन्ही हातांनी पुन्हा फोन लावायला लागले. गोविंदसिंग वळून म्हणाले, "ताई, धरून बसा, पडसान." मंगरुळपीर आलं कधी आणि गेलं कधी, मला सांगता येणार नाही.

मंगरुळच्या बरंच पुढं आल्यावर फोन वाजला. भिवाजी.

"सहा काढल्या, वैनी. उलट्या करून राह्यल्या, पन बोलतात. निंबाखाली बसवल्या." तो धापा टाकत होता. "चंपतभाऊबी आला. पन निकिता नाई खोलीत. खाट खाली हाय. गेली का कुठी ते?"

गेली का कुठं! निकिता कुठं असते ते मला ठाऊक होतं. दुपारी सगळ्या झोपल्या की ती बाथरूममध्ये जाऊन दार लावते, बादली पालथी घालून तिच्यावर बसते आणि मोठमोठ्यानं पाठांतर करते. इतरांची झोपमोड नको म्हणून. मला हे कळलं तेव्हा मी किती हसले होते. कौतुकानं तिला तिथं पुस्तक ठेवायला फळी ठोकून दिली होती. फळी ठोकली ती झरोक्याच्या बरोबर खाली.

"बाथरूम!" मी ओरडले. "दोनशे सहाचं बाथरूम! दार तोडा!"

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. लिंबाखाली सहा पोरी, कुणी आडव्या, कुणी डोकं धरून. रस्त्यावर दोन ट्रक थांबलेले. लॉजच्या दारातून कुजकट, लसणासारखा वास बाहेर येत होता. मी दारापाशी गेले आणि माझे पाय थांबले. खरं सांगते, मला आत जायची भीती वाटली. आत माझ्यामुळं एक मुलगी पडली होती आणि मी उंबऱ्यावर उभी होते.

तेवढ्यात चंपतभाऊ जिन्यावरून उतरले. तोंडाला ओला पंचा बांधलेला, हातांवर निकिता. तिची मान मागं पडली होती. भिवाजी त्यांना मागून सावरत होता. त्यांनी तिला ट्रकच्या सावलीत ठेवलं. तिचे ओठ निळसर झाले होते, पण छाती हलत होती. मी तिचा हात हातात घेतला. इतक्या उन्हातही तो गार पडला होता.

चंपतभाऊंनी पंचा सोडला आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"वैनी, वरतं कसं गेलं ते? मधात त स्लॅप हाय."

"डक्टमधून."

"पन डक्ट त वरतून मोकळा हाय ना. तो इचार केला होता म्या. जाईन वरच्या वर, आभायात."

"मागच्या महिन्यात बंद केला मी. तुमी सोंगणीले गेले होते तवा."

ते निकिताजवळ खाली बसले. मला वाटत होतं त्यांनी मला मारावं, शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं. रुग्णवाहिका आली आणि ते लेकीबरोबर चढले.

सहाजणी वाशिमच्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. निकिताला अकोल्याला हलवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, या विषावर उतारा नाही. रक्तदाब टिकवायचा, हृदय चालू ठेवायचं आणि वाट बघायची. दोन दिवस निघाले तर वाचेल. त्या दोन दिवसांत मी दवाखाना सोडला नाही. नर्स पळत गेली की मी डोळे मिटून घ्यायची. ती कुणा दुसऱ्याकडेच पळत असली की मला सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग त्या सुटकेची लाज वाटायची.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी हवालदार आला. चंपतभाऊ वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. मी पाण्याच्या नळापाशी उभी होते, चार हातांवर.

"गोळ्या कोनं टाकल्या?"

"म्या."

"कोनं सांगतलं होतं टाकाले?"

"कोनं नाई. म्या मनानंच टाकल्या."

मला ऐकू आलं. हवालदारानं लिहून घेतलं, तेही मी बघितलं. आणि मी नळाखाली पेला धरून उभी राहिले. तो भरून वाहत होता. हरीओम माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "आता तू गप राह्य." मी गप्प राहिले. मला जेलची भीती वाटली, पेपरात पुन्हा फोटो येईल त्याची वाटली, मामंजींच्या तोंडाची वाटली. ही भीती दुपारच्या भीतीपेक्षा लहान होती, पण चिकट होती. हवालदार गेल्यावर मी चंपतभाऊंजवळ जाऊन बसले.

"काहून असं सांगतलं, भाऊ?"

"पोरगी आत हाय, वैनी. मले आता कोनासंगं बोलाची ताकद नाई. म्याच आनल्या, म्याच टाकल्या. जाऊ द्या."

मी जाऊ दिलं. दुसरा दिवसही जाऊ दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकितानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. चंपतभाऊ तिथंच फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. थोड्या वेळानं आम्हा दोघांना आत सोडलं. ती उशीवर पडून होती, डोळ्यांखाली काळं, हाताला सुया. चंपतभाऊंनी तिचा मोकळा हात हातात घेतला.

"काकू, बाकीच्या?" तिनं मला विचारलं.

"साऱ्या बऱ्या हायेत. घरी गेल्या."

"कायचा वास होता तो? मले वाटलं गटाराचाच हाय. म्हनून मी बसूनच राह्यली."

मी काही बोलायच्या आत चंपतभाऊ म्हणाले, "हरभऱ्यात गोळ्या टाकल्या होत्या, बाई. म्या टाकल्या."

तिनं बराच वेळ बापाकडे बघितलं. मग तिनं हात सोडवून घेतला. सुया लावलेला नव्हे, दुसरा, बापाच्या हातातला.

"मी वरतं हाव हे मालूम होतं ना, बाबा, तुमाले?"

"होतं."

तेवढंच म्हणाले ते. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. चंपतभाऊंचा हात चादरीवर तसाच उघडा राहिला, आणि त्यांनी तो मागंही घेतला नाही. मी आजवर पुष्कळ वाईट गोष्टी बघितल्या आहेत, त्या तीन दिवसांत तर फारच. पण तो हात मला बघवेना.

मी खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले, जिकडं तिचं तोंड होतं तिकडं, आणि तिथल्या चिंचोळ्या जागेत खाली बसले. हरीओम दाराच्या काचेतून मला मान हलवून नको म्हणत होते.

"निकिता, तुह्या बाबानं मले इचारलं होतं," मी म्हटलं. "पोट्ट्या वरतं हायेत, चालते का, असं सोताहून इचारलं होतं." आणि मग मी सगळं सांगितलं. मी कुठल्या गोळ्या म्हणत होते आणि त्यांना कुठल्या समजल्या, पारवे, पत्रा, लिंपलेल्या कडा. हवालदारासमोर मी नळाशी उभी होते, तेही सांगितलं. मध्येच थांबले असते तर पुन्हा सुरू करायची हिंमत झाली नसती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

"काकू, तुमी बाहीर जा," ती म्हणाली.

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा मागं खाट करकरली. ती सुयांसकट कूस बदलत होती, बापाकडे.

वऱ्हांड्यातल्या बाकावर तोच हवालदार चहा पीत बसला होता. हरीओम माझ्या दंडाला धरून काहीतरी म्हणत होते. मी दंड सोडवून घेतला, हवालदाराच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "साहेब, वही काढा. लिहून घ्या."